वर्सोव्याच्या उकाड्यात सांजोव्हेझे: टस्कनी आणि अकलूजच्या लाल वाइनचा आस्वाद

लाल वाइन म्हणजे गोड पेय, ही समजूत मुंबईच्या उपनगरांत बऱ्याच अंशी गोव्याहून येणाऱ्या स्वस्त आणि साखरट ‘पोर्ट’ वाइनमुळे रुजली असून, साष्टीतील ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत नाताळासाठी मुरवल्या जाणाऱ्या घरगुती द्राक्षवाइनच्या गोडव्यानेही तिला बळ दिले आहे. अशी समजूत मनात बाळगून जो वाचक इटलीतील टस्कनी प्रांताची पारंपरिक लाल वाइन प्रथमच तोंडात घेतो, त्याला ती आंबट, तुरट आणि काहीशी फिकी वाटते आणि बाटली खराब निघाली असा त्याचा ग्रह होतो. प्रत्यक्षात तो आंबटपणा आणि तो तुरटपणा हाच या वाइनचा पिंड आहे आणि तिचा सारा इतिहास या दोन गुणांना कधी सौम्य करण्याचा, कधी लपवण्याचा आणि अखेरीस उघडपणे स्वीकारण्याचा इतिहास आहे. तो ठाऊक असल्यास पेल्यातील वाइन अधिक नीट उलगडते. मात्र वर्सोव्यासारख्या दमट, समुद्रकाठच्या ठिकाणी बाटलीच्या किमतीपेक्षा तिचे तापमान आणि तिच्यासोबतचे ताट या दोन गोष्टी चवीवर अधिक सत्ता गाजवतात, हेही आरंभीच लक्षात घेतलेले बरे.

या वाइनच्या मुळाशी ‘सांजोव्हेझे’ नावाची काळी द्राक्षजात आहे. ती उशिरा पिकते, तिची साल तुलनेने पातळ असते आणि पिकल्यावरही तिच्यात आम्ल भरपूर टिकून राहते; त्यामुळे तिची वाइन गडद जांभळी न होता माणकासारखी पारदर्शक लाल दिसते. इटलीत तिची सर्वांत प्रसिद्ध वाइन मात्र द्राक्षाच्या नावाने ओळखली जात नाही, तर फिरेन्झे म्हणजे फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन शहरांमधील डोंगराळ मुलखाच्या नावाने, म्हणजे ‘क्यांती’ या नावाने ओळखली जाते. युरोपात वाइनला गावाचे किंवा प्रदेशाचे नाव देण्याची रीत जुनी असल्याने बाटलीवर द्राक्षाचे नाव न आढळल्यास त्यात वावगे काही नाही.

क्यांतीच्या नावाला कायद्याचे संरक्षण फार लवकर मिळाले. टस्कनीचा ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा, म्हणजे मेदिची घराण्यातील शासक, याने १७१६ मध्ये फर्मान काढून क्यांतीसह चार वाइन-प्रदेशांच्या सीमा आखून दिल्या आणि त्या नावांखाली होणाऱ्या बनावट विक्रीवर नजर ठेवण्याची व्यवस्था केली. सीमा ठरली, तरी वाइन कोणत्या द्राक्षांची असावी हे मात्र ठरले नव्हते. त्या प्रश्नाचे उत्तर दीडशे वर्षांनंतर ब्रोलिओच्या किल्ल्यात राहणाऱ्या बेत्तिनो रिकासोली या सरदाराने शोधले. एकीकृत इटलीचे पंतप्रधानपद दोनदा भूषवलेल्या या गृहस्थाने आपल्या मळ्यांत अनेक वर्षे प्रयोग केले आणि १८७२ मध्ये पिसा विद्यापीठातील प्राध्यापक चेझारे स्तुदियाती यांना लिहिलेल्या पत्रात निष्कर्ष मांडला. त्याचा आशय असा, की वाइनला गंध आणि जोम सांजोव्हेझेमुळे येतो, ‘कानाइओलो’ हे दुसरे काळे द्राक्ष तिचा ताठरपणा मवाळ करते, आणि ‘माल्व्हाझिया’ हे पांढरे द्राक्ष तिला हलकी व रोजच्या जेवणाजोगी बनवते. म्हणूनच दीर्घकाळ साठवायच्या वाइनमध्ये ते न घातलेले चांगले. पुढच्या पिढ्यांनी या पत्रातील पांढऱ्या द्राक्षाची सूट उचलली आणि तिच्यावर घातलेली मर्यादा सोडून दिली, असे म्हणण्यास जागा आहे.

सांजोव्हेझेचा कठोरपणा कमी करण्यासाठी टस्कनीच्या शेतकऱ्यांनी आणखी एक युक्ती वापरली, तिला ‘गोव्हेर्नो’ म्हणतात. शरद ऋतूतील तोडणीच्या वेळी काही घड बाजूला काढून चटयांवर किंवा टांगून आठवडेच्या आठवडे सुकवले जात. मुख्य वाइनचे किण्वन, म्हणजे यीस्टने द्राक्षातील साखरेचे मद्यार्कात रूपांतर करण्याची क्रिया, संथ झाले की हे अर्धे सुकलेले, साखरेने दाट झालेले घड चुरून तिच्यात मिसळले जात आणि किण्वन पुन्हा सुरू होई. त्यामुळे वाइनला गोलाई आणि किंचित चुणचुण येई आणि ती वसंतातच पिण्याजोगी होई. गवताने वेढलेल्या गोल बुडाच्या ‘फियास्को’ बाटलीतून जगभर गेलेली क्यांती बव्हंशी अशी तरुण आणि साधी वाइन होती. त्या बाटलीच्या रूपाने नाव जितके पसरले तितका दर्जा टिकला नाही.

विसाव्या शतकात नावाची व्याप्ती वाढत गेली. १९३२ मध्ये शासकीय आयोगाने क्यांतीची हद्द मूळ डोंगरांपलीकडे दूरवर नेली आणि जुन्या मुलखाला ‘क्लासिको’ हे वेगळे विशेषण मिळाले. १९६७च्या नियमांनी तर क्यांतीत १० ते ३० टक्के पांढरी द्राक्षे असणे सक्तीचे केले, म्हणजे लाल वाइन पातळ करणे हेच कायद्याने योग्य ठरवले. उत्तम वाइन करू पाहणाऱ्या उत्पादकांनी यातून आपली वाट काढली. अँतिनोरी या जुन्या घराण्याने १९७१च्या हंगामापासून ‘तिन्यानेल्लो’ नावाची वाइन क्यांतीच्या नावाबाहेर बाजारात आणली, १९७५ पासून तिच्यातून पांढरी द्राक्षे पूर्णपणे वगळली, फ्रान्समधील काबर्ने सोव्हिन्यों हे द्राक्ष सांजोव्हेझेच्या जोडीला घेतले आणि ती लहान ओक पिंपांत मुरवली. कायद्याच्या दृष्टीने केवळ ‘जेवणाची वाइन’ ठरलेल्या अशा बाटल्या अधिकृत क्यांतीहून महाग विकल्या जाऊ लागल्या आणि त्यांना ‘सुपर टस्कन’ असे नाव पडले. नियमांना अखेर माघार घ्यावी लागली: १९८४ मध्ये पांढऱ्या द्राक्षांचे प्रमाण बरेच घटवले गेले आणि २००६च्या हंगामापासून क्यांती क्लासिकोत ती पूर्णपणे बंद झाली. आज क्लासिकोत किमान ८० टक्के, तर साध्या क्यांतीत किमान ७० टक्के सांजोव्हेझे असते. क्लासिकोच्या बाटलीवर काळ्या कोंबड्याचे चिन्ह असते. ‘रिझेर्व्हा’ हा शब्द किमान २४ महिने मुरलेल्या वाइनसाठी वापरला जातो. दुकानात बाटली निवडताना एवढी माहिती पुरेशी आहे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या इतिहासाचा पुढचा अध्याय सोलापूर जिल्ह्यात घडला. उसासाठी आणि सहकारी साखर कारखान्यासाठी प्रसिद्ध असलेल्या अकलूजच्या परिसरात, माळशिरस तालुक्यातील मोटेवाडी येथे, अकलूजचे मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेच्ची बंधू यांनी भागीदारीत ‘फ्रातेल्ली’ ही वाइनरी उभारली. इटालियन भाषेत या नावाचा अर्थ ‘भाऊ’ असा असून तिच्या वाइन घडवण्याची जबाबदारी टस्कनीचे वाइनतज्ज्ञ पिएरो मासी यांनी घेतली. या मळ्यांत सांजोव्हेझे लावले गेले आणि त्याची स्वतंत्र वाइनही निघते. ‘सेत्ते’ या नावाच्या वरच्या श्रेणीतील वाइनमध्ये मात्र सांजोव्हेझेला काबर्ने सोव्हिन्योंची जोड दिली जाते आणि ती ओक पिंपांत मुरवली जाते. वंशावळ लावायची झाली तर ‘सेत्ते’चे नाते रिकासोलीच्या पत्राशी कमी आणि १९७०च्या दशकातील बंडखोरांशी अधिक जवळचे आहे, हे चाखताना ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

हवामानाने मात्र द्राक्षाचे वर्तन पालटते. टस्कनीत वेल हिवाळ्यात पाने गाळून झोपी जातो आणि तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. महाराष्ट्रात वेलाला अशी नैसर्गिक विश्रांती मिळत नाही. म्हणून एप्रिलच्या सुमारास ‘खरड छाटणी’ करून नव्या काड्या तयार केल्या जातात आणि पावसाळा सरता सरता, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, ‘फळछाटणी’ करून घड घेतले जातात. त्यामुळे वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्चदरम्यान, म्हणजे ऊन चढत असताना होते. उष्णतेत द्राक्षातील मॅलिक आम्ल झपाट्याने घटते आणि साखर लवकर वाढते. म्हणून दख्खनच्या सांजोव्हेझेत फळाची पक्वता अधिक आणि आंबटपणाची धार सहसा कमी अपेक्षित असते. हा दोष मानण्याचे कारण नाही, पण फरक ओळखता आला पाहिजे आणि तो ओळखण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे एक तरुण क्यांती आणि एक अकलूजची सांजोव्हेझे शेजारी शेजारी ठेवून चाखणे.

खरेदीविषयी थोडक्यात सांगायचे तर, महाराष्ट्रात वाइन घेण्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि मद्याविषयीचा सर्व व्यवहार १९४९च्या दारूबंदी अधिनियमाखाली व परवान्यांच्या चौकटीत चालतो. परदेशी वाइनवर दीर्घकाळ १५० टक्के सीमाशुल्क राहिल्याने मुंबईत क्यांतीची किंमत तिच्या गुणापेक्षा बरीच पुढे गेलेली असते. त्यामुळे पहिल्या प्रयोगासाठी महाग रिझेर्व्हा घेण्यापेक्षा अलीकडच्या हंगामाची साधी क्यांती घ्यावी आणि उरलेले पैसे देशी बाटलीवर खर्च करावेत. घेताना बूच बाटलीच्या तोंडातून किंचित वर सरकलेले नाही ना आणि बुचाच्या वेष्टनाखालून वाइन झिरपलेली नाही ना, हे जरूर पाहावे. वाहतुकीत किंवा गोदामात तापलेल्या बाटलीची ही खूण असते आणि मुंबईत ती दुर्मीळ नाही.

घरी आणल्यावर बाटली स्वयंपाकघराच्या फडताळावर किंवा खिडकीशी ठेवू नये. वर्सोव्यातील यारी रोडवरच्या सदनिकेत तळघर नसते, तेव्हा काही आठवड्यांत प्यायची बाटली फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवणे हाच शहाणपणाचा उपाय आहे. लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी, हे युरोपीय पुस्तकांतील वाक्य येथे सर्वाधिक नुकसान करते, कारण ते वाक्य ज्या खोलीविषयी लिहिले गेले ती दगडी भिंतींची आणि १६ ते १८ अंश सेल्सिअसची होती. वर्सोव्याची खोली मे महिन्यात ३० अंशांच्या पुढे असते. इतक्या उष्ण वाइनमधून मद्यार्काची वाफ नाकात चढते, फळाचा गंध दबतो आणि आंबटपणा विस्कळीत वाटतो. म्हणून बाहेर ठेवलेली बाटली साधारण तासभर फ्रिजमध्ये किंवा बर्फ आणि पाणी यांच्या बादलीत दहा-पंधरा मिनिटे ठेवावी. उलट फ्रिजमध्येच असलेली बाटली वीसेक मिनिटे आधी बाहेर काढावी. फार गार वाइनमध्ये तुरटपणा करकरीत लागतो, हेही खरे. पेला एकतृतीयांशाहून अधिक भरू नये, म्हणजे दुसऱ्या घोटापर्यंत वाइन तापून जात नाही.

चाखण्याची जागाही निवडावी लागते. वेसावे, म्हणजे वर्सोवा, येथील कोळीवाड्याच्या बाजूला बोंबील वलांडीवर, म्हणजे बांबूच्या चौकटींवर, सुकत असताना वाऱ्यावर येणारा वास, देवघरातील उदबत्ती, मोगऱ्याचा गजरा किंवा अंगावरचे अत्तर यांपैकी काहीही शेजारी असल्यास नाक वाइनला न्याय देऊ शकत नाही. त्या वासात वाईट काही नाही. फक्त त्या वेळी खिडकी बंद असावी.

आता पेल्याकडे वळावे. पांढऱ्या कागदासमोर पेला किंचित तिरका धरून रंग पाहावा: मधोमध माणकासारखा लाल आणि कडेला विटकरी छटा दिसली तर वाइन मुरलेली आहे, कडेला जांभळट झाक असेल तर ती तरुण आहे. सांजोव्हेझेच्या आरपार बहुधा बोटे दिसतात; आरपार काहीच दिसत नसेल तर काबर्ने सोव्हिन्योंसारख्या गडद द्राक्षाची भर आहे असा तर्क करता येतो. यानंतर पेला न हलवता एकदा आणि हलक्या हाताने गोल फिरवून पुन्हा एकदा वास घ्यावा, कारण फिरवल्याने हवेशी संपर्क वाढून जड गंध मोकळे होतात. परदेशी वर्णनांत आंबट चेरी, वाळलेली पाने आणि ओरेगानो यांचा उल्लेख हटकून येतो. परंतु ज्याने ताजी आंबट चेरी कधी हाताळली नाही त्याने तो शब्द उसना घेऊ नये. आलुबुखार, कोकमाचे सोल, टोमॅटोची चुरगळलेली पाने, चहाची कोरडी भुकटी, तमालपत्र, ओली माती यांपैकी जे खरोखर जाणवेल ते आपल्या शब्दांत लिहून ठेवावे. व्हॅनिला, लवंग किंवा भाजलेल्या लाकडाचा गंध पुढे आला, तर तो द्राक्षाचा नसून लहान, नव्या ओक पिंपाचा आहे; पारंपरिक क्यांती मोठ्या, जुन्या पिंपांत मुरत असल्याने तिच्यात हा गंध मंद असतो.

घोट घेतल्यावर तो लगेच गिळू नये, जिभेवर आणि हिरड्यांवर चार-पाच सेकंद फिरवावा. तोंडात दोन वेगळ्या घटना घडतात आणि नवशिका त्यांची गल्लत करतो. आम्लामुळे जबड्याच्या कडांपासून लाळ सुटते. गिळल्यावर मान खाली घातली आणि तोंडात पाणी भरू लागले, तर आंबटपणा भरपूर आहे असे समजावे. तुरटपणा मात्र चवीपेक्षा स्पर्श अधिक आहे. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून उतरणारी ‘टॅनिन’ नावाची द्रव्ये लाळेतील प्रथिनांना बांधून ठेवतात, त्यामुळे तोंडातील निसरडेपणा जातो आणि कच्चे जांभूळ खाल्ल्यावर होते तसे हिरड्यांना आवळल्यासारखे वाटते. ज्या मराठी जिभेला सुपारी, हिरडा आणि आवळा यांची सवय आहे तिने या गुणाला बिचकण्याचे खरे तर कारण नव्हते. हा आवळपणा बारीक आणि समान असेल तर वाइन चांगली बनली आहे. तो खरखरीत, कडवट आणि केवळ पुढच्या हिरड्यांवर रेंगाळणारा असेल, तर द्राक्षे अपक्व असावीत किंवा बिया अधिक दाबल्या गेल्या असाव्यात. गिळल्यानंतर फळाचा गंध किती वेळ टिकतो तेही पाहावे. क्यांती आणि अकलूजची वाइन आलटून पालटून घेतल्यास, पहिलीत लाळ अधिक सुटते आणि दुसरीत फळ अधिक भरते, असा फरक अनेकदा जाणवेल. ‘सेत्ते’ घ्यायची असल्यास ती शेवटी घ्यावी, नाहीतर तिच्या ओकपुढे बाकीच्या फिक्या पडतात. तीन पेल्यांची तुलना करताना घोट थुंकून टाकण्याची व्यावसायिक रीत घरीही पाळता येते आणि त्यात संकोच मानू नये.

खराब बाटली ओळखण्याची कसोटी वेगळी. पावसाळ्यात बंद कपाटातील कपड्यांना किंवा भिजलेल्या पुठ्ठ्याला येतो तसा कुबट वास आल्यास दोष बुचातून आलेल्या एका रसायनाचा असतो आणि वाइन कितीही वेळ उघडी ठेवली तरी तो जात नाही. सिरक्याचा किंवा नखांचा रंग काढण्याच्या द्रवाचा वास जिवाणूंमुळे येतो. शिजवलेल्या मुरंब्याचा सपाट वास उष्णतेने मेलेल्या वाइनचा. केवळ आंबट किंवा केवळ तुरट असणे यांपैकी कशातही मोडत नाही.

ताटाचा प्रश्न वर्सोव्यात अवघड होतो, कारण येथील उत्तम अन्न समुद्रातून येते. लाल वाइन मासळीबरोबर घेतल्यावर तोंडात धातूसारखा, उग्र मासळीचा वास का उठतो याचे उत्तर जपानी संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिले: दोष मुख्यतः वाइनमधील लोहाच्या अंशाचा असून, लोह जितके अधिक तितका हा वास तीव्र. लोहाचे प्रमाण बाटलीगणिक बदलते आणि लेबलावर ते छापलेले नसते, त्यामुळे सुके बोंबील किंवा बांगडा यांच्यासोबत सांजोव्हेझे उघडणे हा जुगार ठरतो. मिरचीचे वावडे याहून मोठे आहे. कोळी मसाल्याच्या झणझणीत रश्श्यावर टॅनिन आणि मद्यार्क मिळून जळजळ वाढवतात आणि वाइनमधील फळ नाहीसे होते. याउलट अन्नातील आंबटपणा वाइनची धार बोथट करतो, आणि मीठ व स्निग्धांश तुरटपणा मऊ करतात, हे ध्यानात घेतले तर निवड सोपी होते: तिखट आवरलेले सुके मटण, टोमॅटोत शिजवलेली कोंबडी, तेल सुटलेले वांग्याचे भरीत, जुने खारट चीज. मासळीच हवी असेल तर टोमॅटो आणि लसूण यांत परतलेली कोळंबी त्यातल्या त्यात सुरक्षित. नारळाच्या दुधाचा गोडसर रस्सा मात्र टाळावा, कारण अन्नातील गोडी या कोरड्या, म्हणजे गोडवा नसलेल्या, वाइनला अधिकच आंबट ठरवते.

अर्धी उरलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये उभी ठेवावी. सांजोव्हेझेसारखी आम्लयुक्त तरुण वाइन दुसऱ्या दिवशी पुष्कळदा अधिक मोकळी लागते, म्हणून दोन्ही दिवसांच्या नोंदी ताडून पाहाव्यात. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर फळ विरते आणि तेव्हा ती मटण मुरवण्याच्या वाटणात घालण्यास हरकत नाही, पण सिरक्याचा वास चढला असेल तर तेथेही नाही.